मोरांतेचा सोमवारचा पाऊस

देवांच्या आंघोळीचं पाणी सिंकमध्ये ओतायचं नाही, हा प्रभाताईंचा नागपूरचा नियम आयर्लंडच्या लिक्सलिपमध्येही लागू होता. नागपुरात ते तुळशीला जायचं. इथेही त्यांनी सुनेकडून तुळशीचं रोप मिळवलं. पण तांब्याने पाणी घातलं की ते नाजूक रोप माती सोडून आडवं व्हायचं.

मागच्या अंगणात त्यांच्या सुनेने, अश्लेषाने, खांबावर एक पांढरं नळकांडं बसवलं होतं. वर नरसाळं, नरसाळ्यावर जाळी, खालून पाणी थेंबथेंब बाहेर. प्रभाताईंनी ते नीट न्याहाळलं आणि तुळशीची कुंडी बरोबर त्याच्याखाली नेऊन ठेवली. पिंडीवर गळती टांगतात, तशी सोय झाली. रोज सकाळी त्या वरून पाणी ओतत, आत काहीतरी टक् टक् वाजे आणि तुळस सावकाश न्हाई. सोमवारी महादेवाला रुद्राचा अभिषेक असे. त्या दिवशी तांब्याच्या जागी पितळी बादली.

ते नळकांडं म्हणजे पर्जन्यमापक होतं.

अश्लेषा चेरीवूडच्या एका छोट्या कंपनीत होती. उष्ण कटिबंधातल्या बेटांवर पाऊस किती पडला, ओढ्याला किती पाणी आहे, विहिरींची पातळी कुठे आहे, हे ती आयर्लंडमध्ये बसून पाहत असे. नवं गिऱ्हाईक होतं मोरांते नावाचं बेट. एक पर्जन्यमापक जहाजाने तिकडे गेला आणि त्याचा जुळा भाऊ चाचणीसाठी अश्लेषाच्या अंगणात आला, कारण ऑफिसच्या हिरवळीवर खांब रोवायला परवानगी नव्हती. रंगीत तालमीच्या वेळी अश्लेषाने दोघांना एकच क्रमांक दिला होता. नंतर तो बदलायचा होता. तिने तो मनातल्या मनात बदललाही होता. प्रत्यक्षात संगणक दोन्हींची इमानदारीने बेरीज करत होता.

एरवी आयर्लंडच्या पावसाने ही चूक दुसऱ्याच दिवशी उघडी पाडली असती. पण तो २०१८ सालचा कोरडा उन्हाळा होता. कित्येक आठवडे थेंब नाही, बागेत पाइप लावायला बंदी आणि गवत विदर्भातल्या मे महिन्यासारखं. अंगणातल्या यंत्रात पडत होतं ते फक्त देवांच्या आंघोळीचं पाणी.

मोरांतेने व्यवस्था स्वीकारल्याची सही केली, की अश्लेषाची नोकरी कायम होणार होती. नाही केली तर वर्क परमिटचं काय, हा विषय नवरा तन्मयही घरात काढत नव्हता.

"ग्रँड!" तिचा साहेब डेक्लन पडद्यासमोर हात चोळत म्हणाला. "मोरांतेत रोज पाऊस! आणि सोमवारी तर धो धो."

"दर सोमवारी? ढगांना वार कसा कळतो?" अश्लेषाने विचारलं.

त्याचं उत्तर प्रकल्पाचे सल्लागार, कॉर्कचे प्रोफेसर ओ'ड्रिस्कल यांच्याकडे तयार होतं. "शनिवार-रविवारी तिथे पर्यटकांची जहाजं येतात. त्यांच्या धुराचे कण ढगांत जातात. सोमवारी पाऊस! मी निबंध लिहायला घेतलाय."

"पण सर, आलेख विचित्र आहे. कुणी बादली उपडी करावी तसा पडतो आणि थांबतो."

"उष्ण कटिबंध आहे तो. तिथे असाच पडतो."

एका सोमवारी तन्मय आईला गॉलवे दाखवायला घेऊन गेला. मोरांते कोरडं राहिलं. प्रोफेसरांनी त्या आठवड्यात एक जहाज कमी आल्याचं शोधून काढलं आणि त्यांचा निबंध आणखी भक्कम झाला. तिकडे बेटावर आकडे पाहून पाणीकपात उठली. सोमवारी पुराचा इशारा जाऊ लागला, म्हणून सोमवारी शाळा बंद. मुलं खूश होती. तक्रार कुणाचीच नव्हती.

पुढच्या सोमवारी अश्लेषा घरूनच काम करत होती. पडद्यावर मोरांतेचा पाऊस सुरू झाला. आलेखातला निळा खांब टक्टक वर चढत होता. ती बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की पडद्याला आवाज नसतो. टक् टक् मागच्या दारातून येत होती.

"आई! काय करताय?"

"थांब वं, मंत्र अर्धा राह्यला." बादली शेवटपर्यंत रिकामी झाली. "हं, बोल आता."

"अहो, ते पाऊस मोजायचं यंत्र आहे!"

"मंग पाऊस कुठे आहे? रिकामंच तं पडून राह्यलं होतं बिचारं."

"ऑफिसचं आहे, हात लावू नका, म्हटलं होतं ना मी?"

"हात काहून लावू मी? पाणीच तं टाकलं."

अश्लेषाने खुर्चीत बसून आधी क्रमांक बदलला, मग डेक्लनला फोन लावला.

"म्हणजे मोरांतेतला पाऊस..."

"माझ्या सासूबाईंचा."

"त्यातला किती?"

तिने अंगणातलं पाणी वजा करून आलेख पुन्हा काढला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट रेघ. "सगळा."

डेक्लनने आवाज खाली आणला. "सही झाल्यावर सांगू या का?"

"नाही," अश्लेषा म्हणाली. सुधारलेले आकडे तिने सासूबाईंच्या बादलीच्या खुलाशासह त्याच दिवशी बेटावर पाठवले. प्रोफेसरांनाही कळवलं. जहाजांच्या धुरामुळे पाऊस पडत नाही, असाही निबंध होऊ शकतो, असं त्यांचं उत्तर आलं.

सहीच्या बैठकीला अश्लेषा घरूनच बसली होती. मोरांतेचे पाणी अधिकारी बोनिफास पडद्यावर आले ते तापूनच. "आधी तुमची व्यवस्था उत्तम होती! तुम्ही सुधारली आणि बिघडली. काल शून्य, आज शून्य. हे बघा!" त्यांनी कॅमेरा खिडकीकडे वळवला. बाहेर धुवांधार पाऊस कोसळत होता. ओढा रस्त्यावर आला होता.

डेक्लनने डोळे मिटून घेतले. अश्लेषा पुढे सरकली.

"साहेब, तुमचं यंत्र बसवलंय कुठे?"

"सुरक्षित आहे." बोनिफासनी मागचं कपाट उघडलं. आत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पांढरं नळकांडं उभं होतं. "इतकं नाजूक यंत्र. पावसात खराब झालं असतं."

"कपाटात पाऊस पडला का?"

"छे! कोरडं आहे."

"मग शून्य बरोबर आहे," अश्लेषा म्हणाली. "जरा खिडकीबाहेर धरता का?"

बोनिफासनी ते बाहेर धरलं. बाही भिजली. निळा खांब टक्टक वर चढू लागला. ते यंत्राकडे, मग पावसाकडे, मग पुन्हा यंत्राकडे बघत राहिले आणि दुसऱ्या, कोरड्या हाताने त्यांनी सही केली.

डेक्लन ग्रँड, ग्रँड म्हणत राहिला. एवढ्यात प्रभाताई रिकामा तांब्या घेऊन अश्लेषाच्या मागून गेल्या.

"त्याच का त्या बाई?" बोनिफासचा आवाज एकदम नरमला. "एक विनंती होती. विज्ञानाचं मी समजलो. पण आमच्याकडे सोमवारी खरंच जास्त पडायचा हो. पुढच्या सोमवारी बंदरात बोटींची मिरवणूक आहे. तेवढा एक दिवस त्यांनी पाणी ओतलं नाही तर..."

अश्लेषाने शक्य तितक्या कोरड्या शब्दांत ते मराठीत सांगितलं.

प्रभाताईंनी पडद्यावरच्या भिजलेल्या माणसाकडे दयेने पाहिलं. "सोमवार मोडत नसते मी. त्याले म्हणा, छत्री घेऊन जाय."