पक्क्या शिलाईचा अर्ज

बाईंडरच्या घरात दोन महिने सहलीचे बोलणे चालले होते. देश ठरला होता, पुढचे काहीच ठरत नव्हते. त्या देशात वर्षाचे तीनशे दिवस ऊन असते. समुद्र आहे, वाळवंट आहे, बर्फाचे डोंगर आहेत, आणि दर शंभर मैलांवर भाषा, वेश आणि गाणी बदलतात. भांडणाचे मूळ तेच होते. मुलीला समुद्र हवा होता. जावयाला वाळवंट हवे होते, कारण त्याने उंटावर बसण्यासाठी म्हणून एक ढगळ पॅंट आधीच घेऊन ठेवली होती. मेहुणी इतिहास शिकवून निवृत्त झालेली. छप्पर शाबूत असलेली इमारत तिला बघण्यासारखी वाटतच नसे.

"नऊ दिवसांत एवढं सगळं करायचं तर जेवायचं कधी?" मुलगी म्हणाली.

"उंटावर," जावई म्हणाला.

बाईंडर या भांडणात नव्हता. हा देश मुळात त्याच्या बायकोने शोधलेला. बारा वर्षे ती मासिकांतली चित्रे कापून, त्यांच्या मागे टिपणे लिहून दुकानातल्या एका खोक्यात टाकत असे. दर वर्षी म्हणायची, "यंदा जाऊ." दर वर्षी नेमकी कॉलेजची जर्नले बांधायला यायची. मागच्या वर्षी ती गेली, आणि त्या देशाला नव्हे. खोके तेवढे राहिले.

"बाबा, तुमच्या व्हिसाच्या अर्जात एक रकाना कोरा आहे," मुलगी म्हणाली. "प्रवासाचा हेतू. पर्यटन लिहून टाका."

"मला कुठं पर्यटन करायचंय?"

"मग काय लिहिणार?"

"सुचलं की लिहितो."

खरे म्हणजे त्याला सुचत नव्हते. ज्या माणसाबरोबर जायचे तेच नाही, तर जायचे कशाला, हे कोणत्या रकान्यात बसते?

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीने सगळ्यांचे अर्ज, फोटो, दाखले, रोजचा कार्यक्रम असा गठ्ठा दुकानात आणून ठेवला. "उद्या अकराची वेळ मिळालीय. ही गेली तर दोन महिने नाही. याला फक्त एक क्लिप लावा. आणि तो रकाना भरा."

क्लिप ही त्या दुकानात शिवी होती. क्लिप निसटते. पानं गळतात. चाळीस वर्षांत बाईंडरच्या हातून एक कागद सुटा गेला नव्हता, आणि पोटच्या पोरीच्या अर्जाला क्लिप लावायची? त्याने दोरा ओवला.

एकदा शिवायला बसल्यावर खोके दिसले. कार्यक्रमातल्या समुद्राच्या दिवसामागे बायकोची समुद्राची चित्रे लागली, वाळवंटामागे वाळवंट, पडक्या इमारतींमागे पडक्या इमारती. खोक्याच्या तळाशी अर्जासारखे काही कागद होते, ते अर्जांत गेले. बाईंडर कागद वाचत नाही, कडा जुळवतो. शिवाय चष्म्याला खळ लागली होती. संध्याकाळपर्यंत लाल कापडाचा पुठ्ठा चढला, पाठीवर सोनेरी अक्षरांत 'व्हिसा' असे उमटले. रकाना मात्र राहिला.

सकाळी मुलीने ते पुस्तक बघितले आणि ती स्टुलावर बसली.

"बाबा, हे काय आहे?"

"क्लिप निसटते."

पासपोर्ट तिच्या पर्समध्ये होते म्हणून वाचले.

व्हिसा कचेरीच्या फाटकावर पहारेकऱ्याने बाईंडरच्या खिशातली कात्री आणि कटर काढून घेतले. आत खिडकीला काच होती, आणि काचेखाली कागद सरकवायला दोन बोटांची फट. पुस्तक चार बोटांचे होते. जावयाने ते आडवे घातले, तिरके घातले, कोपऱ्यातून घातले.

"कागद सुटे करून द्या," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

जावयाने दोन्ही हातांनी ओढायला घेतले.

"ओढू नका जावईबापू. पान फाटेल, शिलाई नाही निघायची," बाईंडर म्हणाला. आवाजातला अभिमान काही केल्या लपेना.

"भावोजी," मेहुणी म्हणाली, "चाळीस वर्षांत एक तरी काम कच्चं करायचं होतंत."

मागे रांग वाढली. "लायब्ररी पलीकडच्या गल्लीत आहे," कोणीतरी म्हणाले. शेवटी बाईंनी बाजूचे दार उघडून पुस्तक आत घेतले आणि पाने उलटू लागल्या. एका पानावर थांबल्या. हसू दाबत त्यांनी वाचले, "'या किनाऱ्याची वाळू फार तापते. ह्यांना चपला घ्यायला सांगणे. ऐकणार नाहीत. आपणच दोन जोड घेणे.'" मग म्हणाल्या, "तापते खरी. मी तीन वर्षं होते तिथं."

बाईंडरने बुटांकडे बघितले. चपला त्याने घेतल्या नव्हत्या.

"पण पासपोर्ट चार आणि अर्ज पाच," बाई म्हणाल्या. "पाचव्या अर्जदार कुठं आहेत?" त्यांनी पान काचेला लावले. कोपऱ्यात चिकटवलेल्या फोटोतून बाईंडरची बायको सगळ्यांकडे बघत होती. अर्ज आठ वर्षांपूर्वीचा होता, पूर्ण भरलेला. घरात कुणाला पत्ता नव्हता.

"माझी बहीण," मेहुणी हळूच म्हणाली. "मागच्या वर्षी गेली."

बाईंनी पान काचेवरून खाली घेतले. "मग हा वेगळा काढते." त्यांनी जपून ओढून पाहिले. "निघत नाही."

"नाही निघायचा," बाईंडर म्हणाला. या वेळी आवाजात अभिमान नव्हता.

"बरं, राहू दे. लागतील त्या पानांची झेरॉक्स काढून घेते, पुस्तक तुम्ही घेऊन जा. पण तुमच्या अर्जात हेतू कोरा आहे. आत्ता भरा, नाहीतर सगळ्यांचेच अर्ज परत करावे लागतील. एकत्र आहेत ना."

"बाबा, पर्यटन लिहा," मुलगी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आले होते आणि घड्याळाकडेही लक्ष होते.

पुस्तक दारातून बाहेर आले. बाईंडरने पेन उघडले आणि पुस्तक मुलीपुढे सरकवले. "तिनं काय लिहिलंय?" त्याने विचारले. "चष्म्याला खळ लागलीय माझ्या."

मुलीने आधीचे पान उलटले. "आईनं लिहिलंय..." ती अडखळली, मग तिला हसूच फुटले. "'प्रवासाचा हेतू: ह्यांना दुकानाबाहेर काढणे.'"

आधी जावई हसला, मग रांग हसली. खिडकीतल्या बाईंनी फाईल तोंडापुढे धरली. बाईंडरही हसला. मग त्याने चष्मा सदऱ्याला पुसला आणि पुढच्या पानावर, आपल्या रकान्यात, सावकाश लिहिले: 'वरीलप्रमाणे.'

"चालेल?" त्याने विचारले.

"चालेल," बाई म्हणाल्या. "चपला घ्या मात्र."

बाहेर पडताना उंटावर किती दिवस आणि समुद्रावर किती, यावरून भांडण पुन्हा सुरू झाले. या वेळी त्यात बाईंडरचा आवाज सगळ्यांत मोठा होता. कोपऱ्यावर त्याने चपलांचे दोन जोड घेतले. कात्री आणि कटर फाटकावरच राहिल्याचे त्याला चौथ्या दिवशी आठवले, आणि तेही मुलीने विचारले म्हणून.