रज्जाकचाचांचे बिल्ले

रज्जाकचाचांच्या घरी चहा प्यायचा असेल, तर आधी नंबर घ्यावा लागतो. ही थट्टा नव्हे. मी स्वतः घेतलेला आहे. पुतण्याच्या साखरपुड्याचं आमंत्रण द्यायला मी एकटा त्यांच्या ओट्यावर चढलो, तर चाचांनी तारेत ओवलेल्या गोल पत्र्याच्या बिल्ल्यांतून एक काढला आणि माझ्या हातावर ठेवला. त्यावर चौदा असं ठोकलेलं होतं. मी मागे वळून पाहिलं, पुढे पाहिलं. ओट्यावर मी, चाचा आणि एक कुंडी.

"चाचा, मग तेरा नंबर कोणाचा?"

"मांजराचा. दूध पिऊन गेलं मघाशी."

"आणि बारा?"

"गॅसवाल्याचा. बसा, तुमचाच लागलाय आता."

चहा आला. मी कप खाली ठेवताच चाचांनी बिल्ला परत मागून घेतला आणि तारेत ओवला, जागच्या जागी, तेरा आणि पंधराच्या मध्ये.

चाचा म्हणजे रज्जाक मुलाणी. साखर कारखान्याच्या यार्डात त्यांची सारी नोकरी गेली. उसाचे ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या जिथे पाळीची वाट बघत उभ्या राहतात, ते यार्ड. आलेल्या प्रत्येक गाडीला बिल्ला द्यायचा आणि पाळी आली की नंबर पुकारायचा, हे त्यांचं काम. दोन-दोन दिवस तिष्ठत बसलेले तापट ड्रायव्हर या सुतळीएवढ्या माणसापुढे गप्प उभे राहत. पुढे तिथे कॉम्प्युटर आला आणि बिल्ले भंगारात निघाले. चाचा रिटायर झाले त्या दिवशी दुसऱ्या कोणीही शाल घेतली असती. यांनी बिल्ल्यांची तार मागितली.

तेव्हापासून सगळं जग त्यांना यार्ड वाटतं. सलूनमध्ये गेले की बसलेल्यांना बिल्ले वाटतात, मग स्वतः घेतात. पुतणीच्या लग्नात त्यांनी जेवणाच्या मंडपाच्या तोंडाशी खुर्ची टाकली. एका पुढाऱ्यांना शेहेचाळीस नंबर मिळाला आणि ते मागच्या दाराने आत जायला निघाले, तर तिथेही चाचांनी मेव्हण्याला बसवलेलं. कोणी कुरकुर केली की त्यांची दोन वाक्यं ठरलेली. पहिलं, "यार्डात घाई न्हाय." आणि तरीही समोरचा ऐकेना, तर दुसरं, "घाई असंल त्यानं काल यायचं हुतं."

एक गोष्ट मात्र आम्हा सगळ्यांच्या लक्षात आली होती. चाचांचे बिल्ले दोनपासून सुरू होतात. सकाळी सहा वाजता पहिला दूधवाला आला तरी त्याला दोनच. एक नंबरचा बिल्ला कुठे आहे, असं विचारलं की ते तार झटकत म्हणत, "त्यो बाहेर गेलाय."

आता शाळेकडे येतो.

आमची वस्ती बारामतीच्या इंदापूरकडच्या अंगाला आहे. दहा वर्षांपूर्वी इथे ऊस होता. आता ऊस निघाला की त्या रानात पुन्हा ऊस उगवत नाही, प्लॉटिंगचा बोर्ड उगवतो. बोर्डामागून बंगले आले, बंगल्यांमागून तीन मजली इमारती आल्या आणि समोरची बैलगाडीची वाट रुंद होऊन असा काळाभोर रस्ता झाला की त्यावर आल्यावर सायकललासुद्धा पळावंसं वाटतं. जिल्हा परिषदेची शाळा एका बाजूला राहिली आणि वस्ती दुसऱ्या बाजूला. पोरांना सकाळी अलीकडून पलीकडे जायचं आणि संध्याकाळी पलीकडून अलीकडे यायचं. त्यात हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावर गाणी अशी मोठ्यानं लावलेली की मागून विमान आलं तरी ड्रायव्हरला कळू नये. आणि आमची पोरं! चालत्या ट्रॉलीमागे पळत जाऊन ऊस उपसणं, हा खेळ इथल्या प्रत्येक पिढीनं खेळलेला आहे. मी खेळलोय. पण आमच्या वेळी बैल होते, ते दमायचे.

शाळेसमोर लाल झेंडी घेऊन एक मावशी उभ्या राहत. यंदा दिवाळीनंतर पत्र आलं की निधीअभावी ही सेवा बंद करण्यात येत आहे. निधीअभावीच पाण्याची टाकी गळत होती आणि निधीअभावीच एका वर्गाला दार नव्हतं, त्यामुळे या शब्दाची आमची जुनी ओळख होती. गतिरोधक मागायला मी तीन ऑफिसांत गेलो. रस्ता आपला नाही, एवढ्या एकाच मुद्द्यावर तिन्ही ऑफिसांचं एकमत होतं.

मी का गेलो, तर मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. अध्यक्ष निवडायच्या बैठकीत एका गिऱ्हाइकाचा फोन आला म्हणून मी बाहेर गेलो. माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. आत आलो तर टाळ्या वाजत होत्या. माझी मुक्ता तिसरीत आहे, एवढी पात्रता पुरली.

पत्रानंतरच्या बैठकीत मात्र टाळ्या नव्हत्या. मुख्याध्यापिका जगताप बाईंनी स्पष्टच सांगितलं, की पालक दाखले मागायला लागलेत. लांबच्या शाळेची पिवळी बस दारात येते, इथं रस्ता ओलांडायला माणूस नाही. नाताळपर्यंत असंच चाललं तर उरलेली पोरं दुसऱ्या शाळेत जोडतील आणि या शाळेला कुलूप लागेल. पण रोज उभं कोण राहणार? प्रत्येकाला दुकान, नोकरी, जनावरं. तेवढ्यात मागच्या बाकावरून, जिथे ते कोणत्या नात्याने बसले होते हे आजही आम्हाला माहीत नाही, रज्जाकचाचा उठले.

"गाड्याच थांबवायच्यात ना?" ते म्हणाले. "मग येवढी चर्चा कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा रस्त्यावर हजर. अंगात नोकरीतला खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी, एका हातात मावशींची झेंडी, दुसऱ्या हातात बिल्ल्यांची तार. पहिला ट्रॅक्टर आला. चाचांनी झेंडी दाखवली, पुढे गेले आणि ड्रायव्हरला बिल्ला दिला. आणि काय सांगू, त्याने तो घेतला. उसाच्या ड्रायव्हरचा हात असाच घडलेला असतो. खाकी शर्टातला माणूस बिल्ला पुढे करतो आहे म्हणजे कारखान्याचाच, आणि नंबर घेतला नाही तर रात्र यार्डात जाणार, हे त्याच्या हाडात मुरलेलं. मागचा ट्रॅक्टर थांबला, त्याने तर उतरून स्वतः मागून घेतला. पोरं पलीकडे गेली. मग चाचांनी पुकारलं, "दोन नंबर!" ड्रायव्हरने बिल्ला परत दिला आणि गाडी हलवली.

आठवड्यात बातमी पसरली की कारखान्याने शाळेपाशी नवीन नंबर चौकी काढली आहे. शाळा सुटलेली असताना ड्रायव्हर चाचांच्या दारात हॉर्न वाजवून नंबर मागू लागले. दुधाचे टँकर थांबू लागले. पळसदेवचा मासळीचा टेम्पो बर्फ वितळत असताना सहा नंबर घेऊन उभा राहायचा. एका प्लॉटिंगवाल्या साहेबांनी गाडीची काच खाली करून मी कोण आहे माहीत आहे का, असं विचारलं. चाचा म्हणाले, "माहिती हाय की. नऊ नंबर." दाखल्याचे दोन अर्ज पालकांनी मागे घेतले. जगताप बाईंनी ते माझ्यासमोर फाडले. बाईंना इतकं खूश मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

चाचांचा फोन एकदा झेंडी हातात असतानाच वाजलेला मी पाहिला. मुलगा सलीम पुण्यात कंपनीत असतो. चाचांनी फोन कानाला लावला, म्हणाले, "ड्युटीवर हाय. तुझा नंबर लागला की करतो," आणि खिशात टाकला. नंतर त्यांनी केला तेव्हा तो मीटिंगमध्ये होता.

मग व्हायचं ते झालं. बावड्याचे भाऊसाहेब म्हणून एक ड्रायव्हर आहेत. आवाज मोठा, ट्रॅक्टरवरचे स्पीकर त्याहून मोठे. शाळेपाशी थांबल्यामुळे त्यांची यार्डातली पाळी हुकली. त्यांनी तिथे जाऊन विचारलं, तुमची ती शाळेजवळची चौकी कशाला काढलीय? यार्डातले लोक हसून लोळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब आणखी चार ट्रॅक्टर घेऊन आले. पाचही इंजिनं बंद, पाचही ड्रायव्हर खाली. मी पलीकडून पाहत होतो. आज चाचांना मार बसला तर उद्या झेंडीला हात कोण लावणार, आणि परवा शाळेत कोण राहणार?

चाचांनी पाचही जणांकडे पाहिलं. "तक्रार हाय का?"

"हायच," भाऊसाहेब गरजले.

"मग नंबरानं," चाचा म्हणाले आणि बिल्ले वाटले.

आणि पाचही जणांनी ते घेतले! एक जण तर भाऊसाहेबांना मागे सारून म्हणाला, की माझा दोन आहे, आधी मी बोलणार. दोन नंबरचं भांडण झालं, तीन नंबरचं झालं. तोवर जगताप बाई बंद ट्रॅक्टरांसमोरून पोरांची रांग शांतपणे पलीकडे घेऊन गेल्या. भाऊसाहेबांचा सहा नंबर लागला तेव्हा रस्त्यावर एकही दप्तर उरलं नव्हतं.

"ही चौकी कारखान्याची न्हाय," ते म्हणाले.

"न्हाय. माझी हाय."

"आमाला येड्यात काढलं तुमी."

"व्हय," चाचा म्हणाले. "तुझी पोरं कुठं हायती शाळंला?"

"बावड्यात."

"रस्ता वलांडत्यात?"

"वलांडत्यात."

"तितं कोण उभं ऱ्हातं?"

भाऊसाहेबांनी हातातला बिल्ला उलटा केला, सुलटा केला, परत दिला आणि ट्रॅक्टरवर चढले. दुसऱ्या दिवशी शाळा दिसताच त्यांनी गाणं बंद केलं, गाडी थांबवली आणि आपण होऊन हात पुढे केला. आठवड्याने बावड्यासाठी दहा बिल्ले मागून नेले. चाचांनी दिले, पण परत करण्याच्या बोलीवर, वहीत सही घेऊन.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मला दुकानातून निघायला उशीर झाला. एका शेतकऱ्याची मोटर जळाली होती आणि तो समोर बसून होता. शाळा सुटून तास होत आला असेल. धावत पोचलो तर शाळेच्या पायरीवर मुक्ता आणि चाचा शेजारी शेजारी ऊस खात बसलेले. तो कुठून आला हे मी विचारलं नाही.

"बाबा, तुम्ही लेट," मुक्ता म्हणाली. "चाचांचा सलीमपण इथंच बसायचा. याच पायरीवर. एक नंबर घेऊन."

मी चाचांकडे पाहिलं. ते चिपाडं गोळा करत होते.

"आय न्हवती त्याला," ते खाली बघतच म्हणाले. "सकाळी एक नंबर हातात द्यायचो. म्हणायचो, तुझा पयला नंबर, मी आलोच. आन् समद्या गाड्या सोडून मग यायचो. दिवं लागायची वेळ व्हायची. बसलेला असायचा बिचारा, बिल्ला मुठीत धरून. कदी रडला न्हाय."

"बिल्ला आहे कुठे आता?"

"पुण्याला नेला त्यानं. म्या मागितला न्हाय."

त्यांनी धोतराला हात पुसले, झेंडी उचलली आणि आम्हाला सोडायला रस्त्यावर आले. भाऊसाहेबांचा ट्रॅक्टर येत होता. चाचांनी त्यांना थांबवलं, बिल्ला दिला. आम्ही पलीकडे पोचलो आणि चाचांच्या खिशातला फोन वाजला.

आता ते पुकारतील, म्हणून भाऊसाहेबांनी बिल्ला पुढे धरला. चाचांनी नंबर पुकारलाच नाही. झेंडी काखेत धरून ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले.

"बोल, सलीम," ते म्हणाले. "न्हाय न्हाय. कामात न्हाय. बोल तू."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "पोराचा फोन आहे. पुण्याहून." त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मागे दुसरा ट्रॅक्टर येऊन थांबला, त्याच्यामागे दुधाचा टँकर. चाचा बोलत होते, मध्येच हसत होते. रस्त्यावर ओलांडणारं कोणीही नव्हतं.

टँकरवाल्याने हॉर्न दिला. भाऊसाहेबांनी मान मागे वळवली, बिल्ला त्याला दिसेल असा उंच धरला आणि आवाज होईल तितका खाली आणून म्हणाले, "यार्डात घाई न्हाय."