व्याह्यांचे वजन

व्हिडिओ कॉलवर पलीकडचे पाच जण आणि अलीकडे सोफ्यावर बसलेली स्वतःची मुलगी एकाच वेळी खो-खो हसली, आणि काटासाहेबांनी तिसऱ्यांदा विचारले, "काय झालं?"

"काही नाही हो बाबा. ह्याच्या वडिलांनी ह्याची थट्टा केली. सांगत बसले तर मजा जाईल."

काटासाहेब वजनमापे तपासणाऱ्या कचेरीत मुख्य तपासनीस होते. हे नाव त्यांना कचेरीने दिले होते, आणि ते खोटे ठरावे असे त्यांच्या वागण्यात काही नव्हते. मुलीचे लग्न स्पॅनिश बोलणाऱ्या घरात ठरले याला त्यांची हरकत नव्हती. सलत होते ते एवढेच, की यापुढे जन्मभर मुलगी हसणार आणि ती का हसली हे बापाला विचारून घ्यावे लागणार. व्याही तीन आठवड्यांनी भेटीला यायचे होते. काटासाहेबांनी शब्दकोश विकत आणला.

इतर माणसे परकी भाषा नमस्कारापासून शिकतात; काटासाहेबांनी थेट थट्टेपासून सुरुवात केली. 'ब्रोमा' म्हणजे थट्टा, 'चिस्ते' म्हणजे चुटका, 'बुर्ला' म्हणजे टिंगल. प्रत्येक शब्दाला एक कार्ड, आणि कार्डाच्या कोपऱ्यात त्या शब्दाचे अंदाजे वजन, ग्रॅममध्ये. नवव्या दिवशी त्यांना 'ब्रोमा पेसादा' सापडली आणि ते खुर्चीतून उठलेच.

"अगं, ऐकलंस का? अंगाशी येईल अशा खोडीला हे लोक 'जड थट्टा' म्हणतात. थट्टेचंसुद्धा वजन करतात!"

"मग तुम्हालाच द्यायला हवं होतं त्या घरात," बायको म्हणाली.

"आणि चेष्टा करणे याला म्हणतात 'केस घेणे'."

"समोरच्याला टक्कल असलं म्हणजे?"

हा प्रश्न रास्त होता. व्याही कॉलवर कायम टोपी घालून बसत. काटासाहेबांनी 'केस घेणे'च्या पन्नास ग्रॅमच्या कार्डावर नोंद केली : 'प्रत्यक्ष पाहणीनंतर वापरावे.'

व्याह्यांसाठी वजनानुसार चार कार्डांवर चार थट्टा तयार झाल्या, आणि पद्धतीविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. अनोळखी काट्यावर आधी हलके वजन ठेवायचे. सुई हलली नाही, तर थोडे जड ठेवायचे. माणूस हा काट्याहून निराळा असतो असे मानायला त्यांना आजवर पुरावा मिळाला नव्हता.

व्याही मुलाला घेऊन आले. दारातच त्यांनी टोपी काढली. डोके कलिंगडासारखे गुळगुळीत. पन्नास ग्रॅमचे कार्ड तिथेच बाद झाले.

मुलगी आणि होणारा जावई वाढण्याच्या तयारीला स्वयंपाकघरात गेले. काटासाहेबांनी पाच ग्रॅम ठेवले. "जपून बसा," ते स्पॅनिशमध्ये म्हणाले, "ही खुर्ची पाहुण्यांना चावते." व्याह्यांनी खुर्चीची नीट पाहणी केली, मान लववली आणि काठावर टेकले. सुई शून्यावर.

वीस ग्रॅम. "नवरदेव तुम्हीच ना?"

व्याह्यांनी क्षणभर विचार केला. "नाही, सेन्योर. माझा मुलगा."

रात्रंदिवस थट्टा करणारा म्हणून ज्याची ख्याती, तो माणूस दगडासारखा बसला होता. काटा एक तर बिघडला असावा, नाही तर वजन कमी पडत असावे. पन्नास ग्रॅम बाद झाल्यामुळे वीसनंतर हाताशी एकच कार्ड उरले होते.

खोलीच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतः दुरुस्त केलेला तबकडीचा मोठा वजनकाटा उभा होता. काटासाहेब त्याच्याशेजारी जाऊन ताठ उभे राहिले आणि तीन दिवस घोकलेले वाक्य म्हणाले : "आमच्या घराण्यात पाहुण्यांना जेवणाआधी आणि जेवणानंतर तोलण्याची रीत आहे."

व्याही उठले. देवळात शिरावे तसे त्यांनी बूट काढून ठेवले. मग घड्याळ. मग कोट. कचेरीतली सवय अशी, की समोरून आलेली वस्तू काटासाहेब आपोआप हातात घेत आणि घडी घालून ठेवत. कोटापर्यंत हे ठीक होते. व्याह्यांनी कमरेचा पट्टा सोडला, तोही काटासाहेबांनी अदबीने घेतला, आणि मग व्याह्यांचे हात शर्टाच्या बटणांकडे वळले.

आता थांबवायला हवे होते. पण ज्या एका शब्दापासून अभ्यास सुरू झाला होता, नेमका तोच आठवेना. 'चिस्ते' आठवला, 'बुर्ला' आठवला. व्याही दोन बटणे सोडून काट्यावर चढले आणि श्वास रोखून उभे राहिले. सुई ब्याऐंशीवर स्थिरावली.

"अहो, हे काय चाललंय?" दारात बायको, हातात भांडे.

"बाबा! त्यांचे कपडे का काढताय?"

"मी नाही काढत, तेच देतायत! ब्रोमा!" काटासाहेब ओरडले. शब्द अखेर सापडला होता. "ब्रोमा पेसादा!"

व्याह्यांनी तबकडीकडे पाहिले. मग काटासाहेबांकडे. मग त्यांच्या पोटातून काहीतरी वर येऊ लागले, आणि काटा थरथरला. सुई सत्तरवर गेली, नव्वदवर गेली, परत सत्तरवर. माणसाचे हसणे तबकडीवर उमटलेले काटासाहेब नोकरीच्या एकतीस वर्षांत प्रथमच पाहत होते.

डोळे पुसत व्याह्यांनी खिशातून एक चिठोरे काढले आणि मोडक्या उच्चारात, पण मराठीत वाचले : "आजचे... हवामान... विचार करण्यासारखे आहे."

मुलीने कपाळाला हात लावला. "मीच सांगितलं होतं त्यांना. बाबा फार गंभीर आहेत, त्यांच्यासमोर हसू नका, फक्त हवामानावर बोला."

"अगं, मग मला तरी सांगायचंस!"

"तुम्ही थट्टा कराल असं कुणाला स्वप्न पडलंय?"

काट्यावरूनच व्याही भरभर काहीतरी बोलले. मुलगी पोट धरून खाली बसली, जावई भिंतीला टेकला. काटासाहेबांनी "काय झालं?" विचारायला तोंड उघडले, तोच त्यांना दिसले की सगळे आपल्या हातांकडे पाहत आहेत. व्याह्यांचा पट्टा त्यांनी अजून सरकारी मोजपट्टीसारखा दोन्ही हातांवर आडवा धरला होता.

त्यांनी तोंड मिटले. मग ते इतके हसले, की बायकोने पुढे होऊन पट्टा काढून घेतला आणि त्यांनाही काट्यावर चढवले.