आप्पांना मान्य नाही

अंथरुणाला खिळलेल्या, आज-उद्याचा भरवसा नसलेल्या माणसाशी भांडण काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्याच टीममध्ये आहे. आप्पा.

आमची टीम लहान. 'आता उपाय नाही, घरी न्या' असं सांगून मोठ्या दवाखान्याने ज्यांना पाठवलंय, त्यांच्या घरी आम्ही जातो. दुखणं कमी करायचं, जखमा धुवायच्या, पेशंटची कूस कशी बदलायची ते घरच्यांना शिकवायचं, आणि थोडं बसायचं. डॉक्टर मॅडम औषधं बघतात आणि गाडीही चालवतात. मी नर्स. 'थोडं बसायचं' हे खातं आप्पांकडे.

आप्पा सांगलीच्या हळदीच्या सौद्यात अडत्या होते. शेतकऱ्याने भाव सांगितला की "छे!" म्हणायचं आणि व्यापाऱ्याने सांगितला की त्यालाही "छे!" म्हणायचं, यात जन्म गेला. मुलगा बंगळूरला, त्याला हळद फक्त दुधातली माहीत. बायको गेल्यावर आप्पांनी दुकान मोडलं आणि आमच्याकडे स्वयंसेवक म्हणून आले. प्रशिक्षणात मॅडमनी पहिलाच नियम सांगितला, "पेशंटशी वाद घालायचा नाही." मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "मला मान्य न्हाई." सगळे हसले. काका विनोदी आहेत असं मॅडमना वाटलं. आप्पा अजिबात विनोदी नाहीत.

आप्पांना काहीच मान्य नसतं. ऊन फार आहे म्हटलं, की "ह्याला काय ऊन म्हणायचं?" पाऊस आला, की "ह्यो काय पाऊस हाय?" मॅडम मूळच्या वाईच्या. एकदा त्या चुकून म्हणाल्या, की कृष्णेचं पाणी प्यावं तर वाईला. आप्पा सीटवर ताठ झाले.

"मला मान्य न्हाई. वाईचं पाणी कच्चं. कराडात त्यात कोयना मिळती, मग ते मुरत मुरत सांगलीला येतं. तवा कुठं त्याला पाणी म्हणायचं."

"अहो आप्पा, वाटेतल्या सगळ्या गावांचं काय काय त्यात मिसळतं!"

"त्येच सांगतोय न्हवं का? मुरतंय."

मॅडम शिकलेल्या आहेत, त्यांनी विषय सोडला.

पेशंटच्या घरीही हेच. तासगावकडच्या एका आजींच्या घशाखाली पाणीसुद्धा मुश्किलीने उतरायचं. त्या सहज म्हणाल्या, पुरणपोळी खावी ती दुधातच. झालं. आप्पांनी कटाच्या आमटीची बाजू घेतली आणि दोघं चहा गार होईपर्यंत भांडली. आम्ही निघताना आजी म्हणाल्या, "तुमच्या आईनं तुमाला खायाला शिकवलं न्हाई." सून आमच्या मागे अंगणात आली, म्हणाली, आत्याबाई महिन्यात एवढं बोलल्या नव्हत्या. तरीही मॅडमनी गाडीत आप्पांना समज दिली. ती त्यांनी मान्य केली नाही.

मग हवालदार आले. म्हणजे आम्ही त्यांच्याकडे गेलो.

कराडजवळच्या गावात त्यांचं घर. मिल्ट्रीतून रिटायर झालेले, ऊस आणि थोडी हळद. कॅन्सर कमरेच्या हाडापर्यंत पोचलेला. त्यांच्या मुलाने आम्हाला दारातच अडवलं आणि हळू आवाजात सांगितलं, "त्यास्नी काय बोलू नगा. मणक्यात गॅप हाय म्हणून सांगितलंय."

कॅन्सर लपवायला आमच्या भागात हा गॅप फार सोयीचा आहे. किती घरांत मी तो पाहिलाय.

आत हवालदार भिंतीकडे तोंड करून पडले होते. मॅडमनी विचारलं, "काका, दुखतंय का?"

"बरं हाय."

"झोप लागते?"

"बरं हाय."

"शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही. तर किती?"

"बरं."

काकी, म्हणजे हवालदारांच्या पत्नी, मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. रात्री ते टॉवेल तोंडात धरून पडतात, असं म्हणाल्या आणि चुलीकडे बघत राहिल्या. घरातले सगळे त्यांना 'बरं वाटंल' म्हणत होते, म्हणून तेही सगळ्यांना 'बरं हाय' म्हणत होते. दुखण्याच्या गोळ्या किती द्यायच्या हे माणूस किती दुखतं सांगतो त्यावर ठरतं. 'बरं हाय' यावर मॅडम तरी काय लिहिणार? दोन खेपा अशाच गेल्या. मला त्या माणसाचा राग यायला लागला होता, हे आपलं खरं ते सांगते.

तिसऱ्या खेपेला आप्पा खुर्ची ओढून बसले, खिडकीतून परड्यात वाळत घातलेली हळद बघितली आणि म्हणाले, "ह्या भागातली हळद सौद्यात आली, की आमी तिला हळद म्हणायच्या आधी दोनदा इचार करायचो."

भिंतीकडचं तोंड जरासं वळलं. "कोण ह्यो?"

"अडत्या. सांगलीचा."

"दलाल व्हय!" हवालदार म्हणाले. "माझ्या हळदीला सौद्यात वरचा भाव लागलाय. एकदा न्हाई, लय वेळा."

"मला मान्य न्हाई. आंधळ्या व्यापाऱ्यानं लावला आसंल."

मुलगा दारातून तरातरा आत आला. "आवं, आजारी माणसासंगं आसं बोलत्यात व्हय?"

"आजारी? कोण आजारी?" आप्पांनी आवाज चढवला. "ह्यो गडी मगाधरनं बरं हाय म्हणतोय. बरं हाय तर उठ की! चल परड्यात, दाव तुजी हळद!"

"बरं न्हाई मला!" हवालदार एवढ्या मोठ्याने ओरडले, की बाहेरची म्हैस उठून उभी राहिली. "रातभर कंबर करवतीनं कापल्यावानी हुतीया. बरं न्हाई! आन् ह्यो गॅप बी न्हाई. गॅपनं माणूस असा वाळतोय व्हय? मला काय कळत न्हाई?"

काकींनी पदर तोंडाला लावला. मॅडमनी आप्पांना खुर्चीवरून उठवलं, स्वतः तिथे बसल्या आणि विचारलं, "काका, कधीपासून?" आणि हवालदारांनी सांगितलं. सगळं सांगितलं. दहातले नऊ, असंही सांगितलं.

आप्पांना मुलाने घराबाहेर काढलं, पुन्हा उंबरा चढू नका म्हणाला. आप्पांना तेही मान्य नव्हतं, पण ते गाडीत जाऊन बसले.

पुढच्या खेपेला हवालदार उशीला टेकून बसलेले. गोळ्या लागू पडल्या होत्या, झोप झाली होती. मॅडमनी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "त्यो दलाल कुठं हाय? त्याला म्हणावं, आपलं अजून मिटलं न्हाई." मुलगा खाली मान घालून गाडीपाशी गेला आणि आप्पांना म्हणाला, "चला, बोलावल्यात."

त्यानंतर दर खेपेला दोघं भांडले. हळद झाली, मिल्ट्रीतलं जेवण झालं, म्हशीचं दूध की गाईचं झालं. आप्पा नसतील त्या दिवशी हवालदार मुलाशी बोलायला लागले. कुठल्या रानात पुढच्या साली काय लावायचं, काकींच्या नावावर काय करायचं, सगळं. गॅपचं नाव त्या घरात पुन्हा कुणी काढलं नाही.

शेवटच्या खेपेला त्यांना ऊर्ध्व लागला होता. बोलणं जवळजवळ बंद. आप्पा पलंगाशेजारी बसले. बऱ्याच वेळाने हवालदार पुटपुटले, "आमचीच... हळद... चांगली."

सगळे आप्पांकडे बघायला लागले. मुलाने तर हात जोडले. मीही मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा हो, एवढं एकदा म्हणा.

आप्पा वाकले आणि त्यांच्या कानाशी म्हणाले, "मला मान्य न्हाई."

हवालदारांच्या ओठांत हसू आलं. "शेवटपर्यंत... भाव पाडतोय," म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

दुपारी आम्ही पुढच्या गावात असताना मुलाचा फोन आला. वडील गेले. शांतपणे गेले, म्हणाला. 'आप्पांना सांगा', एवढंच म्हणून त्याला रडू आलं.

परतीच्या वाटेवर मला राहवलं नाही. "आप्पा, आज तरी हो म्हणायचं होतं."

आप्पा समोरच्या काचेतून रस्ता बघत होते. "आमची ही आन् मी जन्मभर भांडलो, सिस्टर. भाजीत मीठ किती, हितनं सुरवात. मग तिचा रिपोर्ट आला. समदी म्हणाली, आता तिच्या मनासारखं वागा. मी वागलो. ती म्हणंल त्याला व्हय. आळणी आमटीला बी व्हय. एक दिवस ती म्हणाली, 'आवं, तुमी भांडत का न्हाई? माजं एवढं वाईट हाय व्हय?'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, न्हाई गं. गोड आवाजात. तिनं तोंड फिरवलं. त्यानंतर तिनं मला कायबी इचारलं न्हाई."

चहाला थांबायचं का, मॅडमनी त्यांना विचारलं. "चालंल," म्हणाले. आज गरम फार होतंय ना? "व्हय." काच खाली करू? "करा." मी मागच्या सीटवर बसून ऐकत होते आणि मला भीती वाटायला लागली. आप्पांच्या तोंडून एवढे होकार मी कधी ऐकले नव्हते.

सांगली आली. आप्पांच्या गल्लीत गाडी उभी राहिली. त्यांच्या दाराला कुलूप, वर दिवा नाही. आप्पांनी खिशातून किल्ली काढली आणि गाडीचं दार उघडलं.

तेव्हा आमच्या मॅडम, पेशंटशी वाद घालायचा नाही असं शिकवणाऱ्या, स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाल्या, "काही म्हणा आप्पा, कृष्णेचं पाणी ते वाईचंच. सांगलीला येतं ते काय पाणी आहे?"

आप्पा एक पाय रस्त्यावर ठेवून थांबले. किल्ली हातात तशीच. मग पाय आत घेतला आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, तुमी डॉक्टर असाल तुमच्या घरी. पण ह्ये मला मान्य न्हाई."

मॅडमनी गाडी बंद केली. "मग सांगा," म्हणाल्या. "मलाही तुमचं मान्य नाही."