हरबा साळिंदराची वाढीव रेल्वे

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी सतत कुठेतरी पोचायच्या घाईत असत आणि कुणालाच कुठे जायचं नसे. तिथे हरबा नावाचा एक साळिंदर राहत होता.

हरबाच्या हातून आजवर कुठलंही काम पुरं झालं नव्हतं. बीळ खणायला घेतलं, तर मधे दगड लागला, आणि ते अर्धंच राहिलं. पोहायला शिकला, तो नदीच्या मध्यापर्यंतच. लग्न तेवढं पार पडलं, कारण ते ठकूने मनावर घेतलं होतं. आयुष्यात एक तरी गोष्ट सुरू होऊन शेवटाला गेलेली बघावी, एवढीच आता त्याची इच्छा उरली होती. म्हणून त्याने रेल्वे बांधायचं ठरवलं. खरी नव्हे हो. खेळातली, छोटीशी.

बिळासमोर एक सपाट कातळ होता. तीन हात लांब, दोन हात रुंद. हरबाने त्यावर कोळशाने आखणी केली. अंगावरून गळलेले काटे तो तीन वर्षं जपून ठेवत आला होता. त्यांचे त्याने रूळ केले. वळणासाठी काटे पाण्यात भिजवून वाकवावे लागले. त्यात निम्मे मोडले, पण हरबा चिडला नाही. सागाच्या ढलपीचं इंजिन केलं, फांदीच्या चकत्यांची चाकं केली. गाडी ढकलायला एक शेणकिडा ठेवला, कारण ढकलण्यात त्यांचा हात कोण धरणार?

"नुसती गोल गोल फिरली तर ती गाडी नव्हे, ती भोवळ," हरबा ठकूला म्हणाला. "गाडीला काम पाहिजे."

"तुम्हालाही पाहिजे," ठकू म्हणाली.

मग हरबाने तीन उद्योग उभारले. कवठाच्या कवटीत मधाचा कारखाना. बांबूच्या पेरात मोहाच्या फुलांची वखार. आणि चार गोट्यांचं एक खडी केंद्र. गाडीने कारखान्यातून मध उचलायचा, वखारीवर उतरवायचा, तिथली फुलं घ्यायची, खडी केंद्राला वळसा घालून पुन्हा कारखान्यापाशी यायचं. एक फेरी पूर्ण. बस्स, तेवढंच बघायचं होतं.

पूर्वेच्या टोकाला त्याने दोन काटे मुद्दाम मोकळे सोडले. पुढेमागे हौस वाढली, तर मार्ग तिथून वाढवता येईल. शहाणे लोक असंच करतात. तिथे त्याने पाटीही लावली: 'वाढीव कामासाठी जागा राखीव.'

इथे हरबा फसला.

पण त्याआधी एक दुपार फार छान गेली, ती सांगतो. त्या दुपारी शेणकिड्याने गाडी एक वीतभर ढकलून पाहिली. गाडी चालली! हरबाला इतका आनंद झाला की त्याने शेणकिड्याला मिठी मारायला हात पसरले. शेणकिडा काटे बघून मागे सरला.

"आत्ताच फिरवा की अख्खी फेरी," ठकू म्हणाली.

"छे! उद्या सकाळी, चार मंडळींसमोर. नारळ फोडून."

मुलांनो, चार मंडळी बोलवावीत, पण गाडी सुटल्यावर.

त्या जंगलात वाघाच्या डरकाळीला कुणी भीक घालत नसे. पण 'राखीव' हा शब्द दिसला, की कोल्ह्यापासून गांडुळापर्यंत सगळे अर्ज घेऊन धावत. सकाळी कातळापाशी ही गर्दी! पुढे होते तरस अप्पासाहेब. जंगलातल्या प्रत्येक मंडळाचे अध्यक्ष तेच. नसलेल्या मंडळांचेही.

अप्पासाहेबांनी कवठाची कवटी वाकून पाहिली. "हा कारखाना कुणाचा?"

"माझाच, अप्पासाहेब. कवठ आहे हो ते. आत थेंबभर मध—"

"चेअरमन कोण?"

"चेअरमन नाही."

अप्पासाहेबांनी मागच्या कोल्ह्यांकडे पाहिलं. एका कोल्ह्याला रडू फुटलं.

"कारखाना आहे आणि चेअरमन नाही! अरे, मग त्या मधाला वाली कोण?"

हरबाला ते पटलं. त्याचाही नाइलाज होता. त्या जंगलाची रीतच तशी होती. काम नसलं तरी चालायचं, कामाचा अध्यक्ष मात्र लागायचा. गेल्या उन्हाळ्यात नदी आटली, तेव्हा पूरनिवारण समितीची निवडणूक बिनविरोध झाली होती.

तर मध कारखान्याची निवडणूक लागली. सतरा संचालक निवडायचे होते. एक जनहित पॅनेल उभं राहिलं आणि त्याच्यासमोर खरं जनहित पॅनेल. शेणकिडा बिचारा इंजिनाला पाठ लावून उभा होता.

"मालक, ढकलू का?"

"थांब!" एक कोल्हा ओरडला. "आचारसंहिता लागली आहे. गाडी हलली, तर मतदारांवर परिणाम होईल."

पंधरा दिवस गाडी जागेवर उभी राहिली. सतरा संचालक निवडून आले. ते कवटीत मावेनात, म्हणून त्यांची सभा कातळावर, रुळांवर बसून झाली. दोन वळणं तिथेच चेपली. हरबाने ती रात्रंदिवस खपून नीट केली, कारण अजूनही त्याचा जीव त्या एका फेरीत अडकला होता.

आता सुटेल म्हणावी, तर मोहाच्या वखारीत संप झाला. वखारीत कामगार एकही नव्हता, त्यामुळे संप शंभर टक्के यशस्वी झाला. तो मिटवायला अप्पासाहेब स्वतः बसले. बोलणी कुणाशी करायची, यावरच आठ दिवस बोलणी चालली. तेवढ्यात खडी केंद्राच्या धुळीने आपली झोप उडते, अशी वटवाघळांनी तक्रार केली. चार गोट्यांची पाहणी करायला एक समिती आली. तिने चारही गोटे तपासणीसाठी नेले, ते काही परत आणले नाहीत.

"मालक, आता ढकलू का?" शेणकिड्याने विचारलं.

"आता ढकलच," हरबा म्हणाला.

पण त्याच वेळी अप्पासाहेब एका माकडाला घेऊन आले. हे माकड नियोजनतज्ज्ञ होतं. कुठलीही जागा शेपटीने मोजून ते क्षणात सांगे की ती अपुरी आहे. त्याने सागाच्या पानावर काढलेला आराखडा उलगडला. हरबाचे डोळेच दिपले. सोळा उद्योग! डिंकाचा कारखाना, लाखेचा कारखाना, हवेचा कारखाना. तीन विश्रामगृहं.

"एवढं सगळं माझ्या कातळावर?" हरबाने विचारलं.

"का नाही? तुम्हीच पाटी लावली आहे ना वाढीव कामाची?" माकड म्हणालं. "फक्त एक अडचण आहे. मधे हे काय पसरलंय?"

"ते रूळ आहेत."

"विस्ताराच्या आड येतात."

हरबाला आधी वाटलं, माकड चेष्टा करतंय. त्याने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी हसत नव्हतं.

"अहो, पण रेल्वेचा विस्तार ना हा? रूळच काढले तर—"

"हरबा," अप्पासाहेब मायेने म्हणाले, "तू फार जवळचं बघतोस."

"एक फेरी, अप्पासाहेब! एकच फेरी होऊ द्या. मग काय हवं ते काढा. शेणकिडा तयार उभा आहे. तुमची तंबाखू मळून होईस्तोवर गाडी फिरून येईल."

"एकाला एक फेरी दिली, की उद्या सगळे मागतील," एक संचालक म्हणाला. ठराव एकमताने मंजूर झाला.

मग मात्र हरबाला संताप आला. आयुष्यात पहिल्यांदाच आला. त्याने अंग फुलवलं, काटे सळसळवले आणि तो थेट संचालकांवर उलटा चालून गेला. साळिंदर असंच चालून जातं, पाठमोरं. समोरचं दिसत नसल्यामुळे तो एका झाडावर आदळला आणि त्याचे बारा काटे गळून पडले.

"वा!" अप्पासाहेबांनी टाळी वाजवली. "हरबाने विस्ताराला बारा काटे दान दिले. लिहून घ्या रे!"

रुळांचे काटे उपटून, ते आणि हे बारा मिळून संचालकांना लेखण्या वाटण्यात आल्या. ठरावावर सह्या करायला लेखण्या नव्हत्याच कुणाकडे.

पुढे उद्‌घाटनाचा मोठा समारंभ झाला. कातळावर सोळा उद्योगांच्या सोळा पाट्या लागल्या आणि सोळा चेअरमन हार घालून ओळीने बसले. एकोणीस भाषणं झाली. प्रत्येकाने आपल्या रेल्वेचा उल्लेख अभिमानाने केला. शेवटी हरबाला व्यासपीठावर बोलावून शाल दिली, श्रीफळ दिलं आणि आजीवन मोफत प्रवासाचा पास दिला. सर्व गाड्यांना, सर्व मार्गांवर.

हरबाचे डोळे भरून आले. मंडळींना वाटलं, आनंदाने. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"अप्पासाहेब, गाडी कधी सुटेल?" त्याने हळूच विचारलं.

"वेड्या, पास मिळाला ना तुला? आता तुला कसली घाई?"

हरबा घरी आला. ठकूने ताट वाढलं होतं.

"काय दिलं?"

"पास."

"कुठला?"

"सगळीकडचा."

ठकूने पास उलटसुलट करून पाहिला. त्या दुपारी वीतभर चाललेली गाडी तिनेही पाहिली होती. तिला नवऱ्याची फार दया आली. तिने भाकरीवर थोडा जास्त ठेचा घातला. हरबाने अर्धी भाकरी खाल्ली आणि अर्धी ठेवली.

तात्पर्य: मुलांनो, सुरुवात नेहमी लहानच करावी. म्हणजे पुढे विस्तार करताना ती उचलून बाजूला ठेवायला फारसे कष्ट पडत नाहीत.