राजमतीबाईंनी मारलेली गाठ

खेमचंदशेठच्या उपरण्याला वर्षभर एक गाठ होती. बहात्तर सालच्या दुष्काळात राजमतीबाईंनी मारलेली. शेठ शेलूबाजारातल्या दुकानाकडे निघाले, तेव्हा दारात अडवून बाई काहीतरी बोलल्या, गाठ मारली नि म्हणाल्या, "इसरू नोका." शेठ विसरले. संध्याकाळी विचारू म्हणून घरी आले, तर विचारायला बाई राहिल्याच नव्हत्या. दुपारीच छातीत कळ आली होती.

बायकोचं शेवटचं मागणं विसरलो, हे सांगायची लाज. मग शेठ अंदाजानं एकेक वस्तू आणू लागले. चाळणी, किसणी, वेलदोडे, पुन्हा चाळणी. सून भागिरथी सगळं गुपचूप फळीवर ठेवी. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं शेजाऱ्यांनी ठरवून टाकलं. शेठना घास गोड लागत नव्हता.

अशात नागपूरचे एक प्राध्यापक बाजारात आले. बंद खोलीत शब्द पाठ करून घेण्यापेक्षा चालत्या बाजारात माणसाला काय आठवतं नि काय नाही, हे त्यांना अभ्यासायचं होतं. शेठनी त्यांच्यापुढे उपरणंच पसरलं.

"जागा तीच, वेळ तीच, माणसं तीच ठेवा. आपोआप आठवेल," प्राध्यापक म्हणाले.

"माणसं तीच कुठून आणू, साहेब?"

दुसऱ्या सकाळी राजमतीबाईंच्या जागी शेजारची तुळसाबाई उभी राहिली. त्या दिवशी दारात म्हैस होती, म्हणून म्हैसही आणली. तिनं आल्याआल्या प्राध्यापकांच्या पायावर पाय दिला. बघायला अर्धी गल्ली जमली. तुळसाबाईनं उपरण्याच्या दुसऱ्या टोकाला गाठ मारली. मग गप्प बसावं की नाही? "दोन नारळ आणजा, शेठ!"

"नारळच! नारळच म्हने थे!" शेठ ओरडले.

"अहो, ते यांनी आत्ता सुचवलं!" प्राध्यापकांनी डोक्याला हात लावला.

"नारळ नाई, हिंग सांगतला असन," मागून कोणी बोललं.

"हिंग कायले? चुना!"

शेठना सगळंच पटू लागलं. बिचारे रडकुंडीला आले.

भागिरथी पदर सावरत पुढं झाली. "मामाजी, ह्या गाठीपायी आणून राह्यले का तुमी सारं? मले काहून नाई बोलले?"

"तुले मालूम हाय?"

"मी सैपाकघरात होती ना. आत्याबाईनं गाठ मारली, पन तुमाले सांगतलं काहीच नोतं. नुसत्या पुटपुटल्या, अन् आत येऊन हासत बसल्या. म्हने, दुकानात गेले का यायले माही याद राह्यत नाई. आता बसतीन दिसभर, बाई काय म्हनली म्हनून!"

शेठ उंबऱ्यावर बसले. डोळे पुसायला उपरणं उचललं, तर हाती राजमतीबाईंचीच गाठ आली.

"सोडू का थे?" भागिरथीनं विचारलं.

"राहू दे. कामाचं सांगतलं असतं तं आणून टाकलं असतं, अन् तिले इसरलो असतो."

त्या संध्याकाळी शेठ बाजारातून आले, ते पुन्हा चाळणी घेऊनच. भागिरथीनं ती फळीवर आधीच्या चाळण्यांशेजारी ठेवली.