माहेरी आलेली व्हॅन

जयसिंगपूरच्या निवासराव थोरवतांनी दुरुस्तीसाठी घरी आणलेली विजेवरची व्हॅन पहिल्याच संध्याकाळी त्यांची माहेरवाशीण झाली.

चूक मालनकाकूंची, म्हणजे निवासरावांच्या बायकोची. चूक तरी कशी म्हणावी, हाताची सवय ती. ट्रॅक्टरला दोर बांधून व्हॅन फाटकातून आत ओढली, तेव्हा काकूंनी रीतसर भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि चाकांवर पाणी घातलं. इथवर सगळं ठीक होतं. पण दारात आलेल्या बाईला रिकामं ठेवायचं नाही हे त्यांच्या बोटांना इतकं पाठ होतं, की डोक्याला कळायच्या आत त्यांनी ड्रायव्हरच्या सीटवर खण, नारळ आणि ओंजळभर गहू घालून व्हॅनची ओटी भरली.

शेजारच्या अक्काताई कुंपणावरून बघत होत्या. गल्लीतल्या रीतीभातींत शेवटचा शब्द त्यांचा असे, आणि बहुतेक वेळा पहिलाही.

“ओटी भरलीस व्हय गं?” त्यांनी विचारलं. “आणि मुक्काम किती हाय?”

“बरी हुईस्तोवर,” निवासराव म्हणाले.

“मग विषय संपला. ओटी भरली, वर मुक्कामाला राहिली. आता ती माहेरवाशीण. कामाला लावायचं न्हाई तिला, सांगून ठेवते.”

“देव तुमचं भलं करो,” व्हॅन म्हणाली. तिचा आवाज हॉर्नच्या जाळीतून येई, त्यामुळे जरा चेपलेला वाटे, पण शब्द स्वच्छ होते.

निवासरावांची हयात विहिरीवरच्या मोटारींचं वाइंडिंग करण्यात गेली होती. दुकान बंद करून घरी बसल्यापासून ते काकूंच्या फोडण्यांत सुधारणा सुचवू लागले होते. शेवटी काकूच म्हणाल्या, “कायतरी मोडकं आणा आणि दुरुस्त करा, पण माझ्या स्वयंपाकघराच्या भायेरचं.” तेव्हा शिरोळ रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयामागे ही व्हॅन उभी असलेली त्यांना आठवली. कार्यालयाचा मालक शशिकांत कणसे म्हणाला होता, “न्या की काका. जागा तरी मोकळी हुईल.” दुरुस्त झाली की मालनला घेऊन फिरायला जायचं, असं निवासरावांनी तिथल्या तिथे ठरवलं आणि घरी येऊन सांगितलंही. काकूंनी असली वाक्यं आधी ऐकलेली होती, म्हणून त्या गवार मोडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हॅन उघडली आणि त्यांच्या तोंडून शिवी गेली. मोटारीची कॉइल जळून कोळसा झालेली, बॅटरीचे सेल टम्म फुगलेले, मागचं दार सुतळीने बांधलेलं. सीटच्या फटीत अक्षता, सुपाऱ्या आणि कुण्या वऱ्हाड्याची कवळी सापडली.

“कुणी केली गं ही दशा?” त्यांनी विचारलं.

“कुणी मुद्दाम न्हाई केली, आबा,” व्हॅन म्हणाली. “सकाळी भाजी, मग एष्टी स्टँडवरनं वऱ्हाड, मग बँडवाले, मग जेवणाची भांडी. चार्जिंगला लावायचे ते पंगती उठल्यावर. तेबी अर्धंच, कारण त्याच पिनेला मिक्सर लावायचा असायचा.”

काकू उंबऱ्यावर बसून ऐकत होत्या. त्या उठल्या, फ्रिजची पिन काढली आणि तिथे व्हॅनची लावली. “सावकाश जेव,” त्या म्हणाल्या. फ्रिजमधलं दूध नासलं. निवासरावांनी त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, कारण अक्काताई कुंपणावरच होत्या.

माहेरपण नियमानुसार सुरू झालं. ऊन अंगावर आल्याशिवाय बॉनेट उघडायचं नाही. दुपारी जेवणानंतर हातोडा बंद. ग्रीस लावताना आधी ते तळहातावर चोळून कोमट करायचं. गल्लीतल्या बाया येऊन ‘वाळलीस गं’ म्हणत आणि वाटीत काहीतरी आणत. व्हॅन खात नसल्यामुळे ते निवासरावांना खावं लागे, आणि त्यांचं वजन वाढलं. त्यांनी कॉइल नव्याने गुंडाळली, वॉर्निश दिलं, ती दोन दिवस उन्हात सुकवली. फुगलेले सेल काढून नवे बसवले, दाराला कडी केली. डाव्या बाजूचा इंडिकेटर तेवढा लागेना. पण चाक पहिल्यांदा आपणहून फिरलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी ग्रीसच्याच हाताने पुसले.

“चल, एक चक्कर मारू,” ते म्हणाले.

“माहेरवाशिणीला जुंपताय?” काकू आतून ओरडल्या.

चक्कर रद्द झाली.

बरी झाल्याची बातमी मात्र कुणाच्या तरी तोंडून शिरोळ रस्त्यापर्यंत पोचली, आणि रविवारी कणसे पेढे आणि नारळ घेऊन हजर झाला. इस्त्रीचा शर्ट घातलेला होता. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्याने आधी पाऊसपाणी विचारलं, मग निवासरावांची शुगर, आणि मग मुद्द्यावर आला.

“न्यायला आलोय.”

“कुणाला?”

“आमच्या बाईला. लग्नसराई तोंडावर आली, काका. किती दिवस माहेरी ठेवायची? लोक बोलायला लागल्यात.”

निवासरावांना हसू यायला हवं होतं. पण हिशोब बिनचूक होता. इकडे माहेर, तर तिकडे सासर असणारच. भंगार म्हणून दिलेलं परत मागता येत नाही; सून मागता येते. त्यांनी घसा साफ केला.

“तिला सोताची पिन पायजे. मिक्सरबरोबर वाटून न्हाई.”

“बघू की.”

“आणि माणसं आठच्या वर बसवायची न्हाईत.”

“आता वऱ्हाड मोजून कसं बसवायचं, काका? आमच्यात सगळ्याच ओढतात. जुना टेम्पो बघा, पंधरा वर्षं झाली, एका शब्दानं बोलला न्हाई.”

“त्याला हॉर्नच नव्हता,” व्हॅन म्हणाली.

“बघा, ही भाषा शिकवली माहेरानं,” कणसे म्हणाला.

अक्काताईंनी कुंपणावरून मत दिलं, की लेक कितीही लाडकी असली तरी जायचीच. निवासरावांनी मान खाली घातली. तिला पाठवायचं त्यांच्या मनात नव्हतं, हे खरं. पण रीतीपुढे माणूस काय बोलणार, हेही त्यांना खरं वाटत होतं, आणि शेवटी तेच बाहेर पडलं.

“जायला तर लागणारच. लेकीला ठेवून थोडंच घेता येतंय? बरी झालीय म्हटल्यावर जाईल ती.”

मालनकाकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. तो त्यांनी खाली ठेवला.

“माझा पाय मोडला, तवा मी बी माहेरी हुते,” त्या म्हणाल्या. त्या कणशाकडे बघत होत्या, निवासरावांकडे नाही. “प्लॅस्टर कापलं, तर हे दवाखान्याच्या दारात जीप घिऊन उभे. पेढे बी आणले हुते. त्याच सांजच्याला ह्यांच्या भावाकडची माणसं जेवायला. पुरणपोळ्या.”

“किती लाटल्या, आई?” व्हॅनने विचारलं.

“मोजायला सवड कुणाला हुती?”

मग काकू आत गेल्या. कणशाने चहा घेतला आणि बशीत ओतून तो फुंकत बसला. काकू बाहेर आल्या तेव्हा हातात पिशवी होती आणि अंगावर गावाला जायचं लुगडं होतं. व्हॅनचं दार उघडलं. ते कुणी उघडलं नव्हतं.

“कुठं निघालीस?” निवासराव म्हणाले.

“माहेरी. निपाणीला, दादाकडं.”

“आणि ही?”

“ही बी. माझं माहेर ते हिचं आजोळ.”

अक्काताईंनी तोंड उघडलं, विचार केला आणि मिटलं. “ह्याला काय म्हणता येत न्हाई,” त्या म्हणाल्या. “आजोळाला नको म्हणायची रीत न्हाई.”

“तुला चालवता येत न्हाई, मालन!”

“मला रस्ता ठावा हाय, आबा,” व्हॅन म्हणाली.

“बरं वाटलं की कळवू,” काकू म्हणाल्या. “मग या दोघं न्यायला. आधी फोन करा.”

व्हॅन आवाज न करता फाटकाबाहेर पडली. कोपऱ्यावर तिला डावीकडे वळायचं होतं आणि तो इंडिकेटर लागत नव्हता, म्हणून काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढला. हात चांगला लांब काढला होता. वळण संपल्यावरही त्यांनी तो बराच वेळ आत घेतला नाही.

निवासरावांनी आठवडाभर पिठलं खाल्लं. फोडणीत काय सुधारणा करायची ते त्यांना सुचलं नाही. फोन काही आला नाही, तेव्हा ते कणशाच्या जुन्या टेम्पोत बसले आणि दोघे एकेक नारळ घेऊन निपाणीला गेले. वाटेत फारसं बोलणं झालं नाही. टेम्पो तर बोलतच नव्हता.

काकूंच्या वहिनीने दोघांना सोप्यात एका बाकावर बसवलं. खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. चिंचेखाली व्हॅन उभी होती आणि भिंतीतून एक वेगळी पिन तिच्यापर्यंत आली होती. तिच्या मागच्या उघड्या दारातून मालनकाकूंची पावलं दिसत होती, जोडव्यांसकट, एकावर एक.

“झोपल्यात दोघी,” वहिनी म्हणाल्या. “उठवू नका.”

चहा आला. त्यात साखर बेताचीच होती.

“किती वेळ झोपतील?” कणशाने हळूच विचारलं.

निवासरावांना माहीत नव्हतं. लग्न झाल्यापासून त्यांनी बायकोला दुपारी झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा खिडकीतून पाहिलं, आवाज होऊ नये म्हणून कप अलगद खाली ठेवला, आणि नारळ मांडीवर घेऊन ते बसून राहिले.